बरोबरीची लढाई

दिवाळीची सुट्टी लागली की निगडीपासून चाकणपर्यंतच्या वसाहतींतून मातीचे किल्ले उभे राहू लागतात. कारखान्यातून शिफ्ट संपवून आलेले वडीलही बाह्या सरसावून चिखलात हात घालतात. बुरूज होतात, अळीव उगवते, मावळे आपापल्या जागी बसतात. आणि मग लढाई सुरू झाली की भांडण! थोरला नेहमी महाराजांच्या बाजूने, धाकट्याच्या वाट्याला खानाचा शिपाई. तो हरणार हे आधीच ठरलेले. तिसऱ्या दिवशी धाकटा खेळायलाच येत नाही. आई म्हणते, रुसला. रुसला खरा, पण वाचकहो, त्याची तक्रार रास्त आहे.

हीच तक्रार मिटवण्यासाठी मोठी माणसेही डोके खाजवीत बसतात बरे का! १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. टेबलाभोवती चारपाच जण बसतात. एक जण सूत्रधार. तो गोष्ट पुढे नेतो आणि राक्षसांच्या वतीने खेळतो. बाकीच्यांनी एकेक सोंग घ्यायचे, कोणी योद्ध्याचे, कोणी मांत्रिकाचे. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा सांगतो.

आता थोडे गणित. भिऊ नका, वाण्याच्या हिशेबापेक्षा सोपे आहे. फाशावर अकरा किंवा जास्त पडले तर वार लागला असे धरू. म्हणजे निम्मे वार फुकट. लागलेला वार किती जोराचा, ते सहा बाजूंच्या फाशावर पाहायचे, सरासरी साडेतीन. तेव्हा हुकलेले धरून एका वाराची किंमत पावणेदोन. राक्षसाचा जीव चौदा गुणांचा असेल, तर एकट्या योद्ध्यापुढे तो साधारण आठ फेऱ्या टिकतो आणि चौघांपुढे अवघ्या दोन! त्याचा जीव दुप्पट केला तरी चारच फेऱ्या. चौघे मिळून सोळा वार करणार, तोवर त्याचे जेमतेम चार. म्हणून जाणता सूत्रधार राक्षसाला नुसता धष्टपुष्ट करत नाही, त्याला दोन साथीदार देतो. मांत्रिकाची गोष्ट उलटी. एका मंत्राने तो मैदान साफ करील, म्हणून त्याचे मंत्र दिवसाला मोजकेच ठेवलेले असतात.

पण दोन्ही पारडी सारखी केली की खेळ रंगला, असेही नाही. याचा दाखला आपल्या दाराशी आहे. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट. डोंगराचा आधार नाही; तट, बुरूज आणि खंदक एवढेच बळ. २१ जून १६६० रोजी शाइस्तेखानाने त्याला वेढा घातला. खानाची फौज वीस हजारांच्या घरात, तर आत फिरंगोजी नरसाळा आणि त्याचे तीनसाडेतीनशे लोक, असे सांगतात. भर पावसाळ्यात किल्ला लढत राहिला. १४ ऑगस्टला खानाने सुरुंगाने बुरूज उडवला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. पंचावन्न दिवस! खानाने देऊ केलेली चाकरी नाकारून फिरंगोजी महाराजांकडे परत गेला.

ही लढाई टेबलावर मांडायची आणि ‘किल्ला राखला तर जिंकलो’ असा नियम करायचा, तर फिरंगोजी होण्यात काही राम नाही. खानाची फौज पाचशेवर आणली, तर ते चाकणच नव्हे. मग हात लावायचा तो विजयाच्या व्याख्येला. एक फेरी म्हणजे एक दिवस. पंचावन्नच्या पुढे टिकला तर किल्लेदार जिंकला, त्याआधी किल्ला घेतला तर खान. बरोबर पंचावन्नला पडला, तर बरोबरी!

आता दोघांनाही विचार करायला लावा. फाशावर एक किंवा दोन पडले तर पाऊस. त्या दिवशी खानाची दारू भिजली, तोफा बंद. सुरुंग कोणत्या बुरुजाखाली खणतो आहोत, ते खानाने चिठ्ठीवर लिहून झाकून ठेवावे. किल्लेदाराने अंदाजाने एकाच बुरुजामागे मातीचा दुसरा बांध घालावा. अंदाज बरोबर आला, तर आणखी पाच दिवस पदरात. घरातल्या बाकीच्यांनी कोणी गोलंदाज व्हावे, कोणी रात्री खंदक पोहून निरोप नेणारा हेर.

एवढ्याने फौजा सारख्या होत नाहीत, पण प्रत्येकाच्या निर्णयाला किंमत येते. हरणाऱ्यालाही शेवटच्या फाशापर्यंत टेबल सोडवत नाही. धाकट्याला हवे होते ते एवढेच.

तेव्हा यंदा फराळाचे ताट मध्ये ठेवून हा डाव मांडून पाहा. किल्लेदारी धाकट्याकडे द्या आणि खान वडिलांना करा. चकल्यांची रसद मात्र दोन्ही पक्षांना सारखी असावी. तिथे कमीजास्त झाले, तर कोणताही नियम उपयोगी पडणार नाही!