विटा जतन झाल्या, वारसा कोणाचा?

पूर्व लंडनमधील बो या वस्तीत लाल विटांच्या उंच इमारतींचा एक समूह उभा आहे. इमारतींची संख्याही मोठी, खिडक्याही मोठ्या, आणि पाण्याच्या टाक्यांचे मनोरे दुरूनही दिसावेत असे. 'बो क्वार्टर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आवारात आज सातशेहून अधिक सदनिका आहेत. प्रवेशद्वारावर पहारा आहे, आत पोहण्याचा तलाव व व्यायामशाळा आहे. उघड्या विटांच्या भिंती, उंच छत आणि लोखंडी खांब असलेल्या अशा घरांना 'लॉफ्ट' म्हणतात, आणि या साऱ्या जुनेपणाची किंमत ग्राहकाकडून वसूल केली जाते. ज्या खिडकीतून येणारा प्रकाश आज घराची शोभा म्हणून विकला जातो, ती कामगाराचे हात अधिक वेळ चालावेत म्हणून ठेवलेली होती. हा ब्रायंट अँड मे कंपनीचा काडेपेटीचा कारखाना होय.

१८६१ साली या जागेत कंपनीने उत्पादन सुरू केले. १८८८ पर्यंत येथे सुमारे चौदाशे स्त्रिया व मुली राबत होत्या. त्या वर्षी २३ जून रोजी ॲनी बेझंट यांनी आपल्या 'द लिंक' या साप्ताहिकात या कारखान्यावर जो लेख लिहिला, त्यातील हकीकत आजही वाचण्यासारखी आहे. उक्त्या कामावरील सोळा वर्षांच्या एका मुलीला आठवड्याला चार शिलिंग मिळत. पैकी दोन शिलिंग खोलीच्या भाड्यात जात. पाय मळके असले, बाकाखालची जागा अस्वच्छ राहिली किंवा कामावर कोणी बोलले, तर तीन पेन्सचा दंड होई. उशीर झाल्यास अर्ध्या दिवसाला दार बंद. यंत्रावर बोटे कापली जाऊ नयेत म्हणून हात आखडता घेतलेल्या एका मुलीला एक शिलिंग दंड झाला. त्याच काळात भागधारकांना तेवीस टक्के लाभांश वाटला जात होता, ही बाबही बेझंट यांनीच उजेडात आणली. भारतीय वाचक बेझंट यांना १९१७ च्या काँग्रेस अध्यक्षा म्हणून ओळखतो. ही त्यांची त्यापूर्वीची ओळख आहे.

दंडापेक्षाही भयंकर होता तो पांढरा फॉस्फरस. काड्यांच्या टोकांना लावल्या जाणाऱ्या या द्रव्याची वाफ नाकातोंडात जाई. मुली कामाच्याच जागी बसून जेवत, त्यामुळे ते अन्नातूनही पोटात जाई. दात दुखू लागत, हिरड्या सुजत, आणि पुढे जबड्याचे हाडच कुजत जाई.

लेख प्रसिद्ध होताच कंपनीने तो खोटा असल्याच्या निवेदनावर स्त्रियांनी सह्या कराव्यात असा आग्रह धरला. स्त्रियांनी नकार दिला. एकीला कामावरून काढताच जुलैच्या प्रारंभी साऱ्या कारखान्याने काम सोडले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. या संपाचे श्रेय दीर्घकाळ केवळ बेझंट यांच्या पदरात टाकले गेले. वस्तुतः बेझंट यांचा भर कंपनीच्या मालावर बहिष्कार घालण्यावर होता. संपाचा निर्णय त्या अशिक्षित मानल्या गेलेल्या कामगार स्त्रियांनी स्वतः घेतला. त्यांनी संपसमिती निवडली आणि पार्लमेंटपर्यंत शिष्टमंडळ नेले. दोन-अडीच आठवड्यांत कंपनीला नमावे लागले. दंड व कपाती रद्द झाल्या, काढलेल्यांना परत घेतले गेले, जेवणासाठी वेगळी खोली मान्य झाली. लागलीच काडेपेटी कामगार स्त्रियांची स्वतंत्र युनियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, लंडनचे गॅस कामगार संघटित झाले आणि गोदी कामगारांनी आपला प्रसिद्ध संप जिंकला. अकुशल म्हणून ज्यांना जुन्या युनियनांनी दाराबाहेर ठेवले होते, तो वर्ग या मार्गाने इतिहासाच्या पटावर आला. १८९२ साली एंगल्स यांनी पूर्व लंडनच्या या जागृतीचा मुद्दाम गौरव केला, तो याच कारणाने.

मात्र एका विजयाने मालकाचा स्वभाव पालटत नाही. फॉस्फरसच्या रोगाची सतरा प्रकरणे, पैकी सहा मृत्यू, सरकारपासून दडवल्याबद्दल १८९८ साली याच कंपनीवर खटला झाला आणि सुमारे पंचवीस पौंड दंडावर ती सुटली. घातक द्रव्याचा वापर तिने १९०१ मध्ये थांबवला. कायद्याने पूर्ण बंदी अमलात येण्यास १९१० साल संपावे लागले. आज ज्या इमारतींचे कौतुक चालते, त्यांचा मोठा भाग याच सुमारास, विसाव्या शतकाच्या आरंभी, नव्याने बांधला गेला. जमीन तीच, आणि त्या जमिनीवर लढली गेलेली लढाईही तीच.

१९७९ मध्ये कारखाना बंद झाला. १९८८ च्या सुमारास, म्हणजे संपाला बरोबर शंभर वर्षे होत असताना, तेथे खासगी सदनिका उभारण्याचे काम सुरू झाले. या घरांना आलेली किंमत कोठून आली? विटा त्याच होत्या. रस्ते, भुयारी रेल्वे, शाळा, इस्पितळे ही संपूर्ण समाजाच्या पैशाने व श्रमाने उभी राहिली. त्यांच्यामुळे जमिनीचे मोल वाढले. ते वाढीव मोल मात्र ज्याच्या हाती जमिनीचे कागद होते त्याच्या खात्यात गेले. ऐतिहासिक वास्तू म्हणून इमारतीला कायद्याचे संरक्षण आहे. तिची दर्शनी भिंत कोणी मनास येईल तशी पाडू शकत नाही. पण त्या भिंतीआड कोणी राहावे, याविषयी तो कायदा मौन पाळतो. टॉवर हॅमलेट्स हा ज्या विभागात बो येते तो भाग बालदारिद्र्याच्या बाबतीत आजही ब्रिटनमध्ये अगदी वरच्या क्रमांकांत गणला जातो. पहाऱ्याच्या दाराच्या दोन्ही बाजूंना एकच वस्ती आहे, असे कोण म्हणेल?

न्यूयॉर्कच्या सोहो भागातही हाच क्रम घडला. उद्योग निघून गेल्यावर रिकाम्या कारखान्यांत कलावंत स्वस्त भाड्याने राहू लागले. १९७१ मध्ये त्यांच्या वास्तव्याला नियमांची मान्यता मिळाली, १९८२ मध्ये भाडेकरूंच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण वस्तीला नाव मिळताच धनिक आले, आणि भाव कलावंतांच्याही आवाक्याबाहेर गेले.

यावर असे म्हटले जाते की, इमारत पाडून टाकण्यापेक्षा तिचा असा उपयोग झाला हे काय वाईट? हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही. पाडण्यापेक्षा राखणे निश्चितच चांगले. परंतु 'पाडणे की विकणे' एवढेच दोन पर्याय समाजापुढे ठेवणे ही मालकाच्या सोयीची मांडणी आहे. वाढलेल्या मोलाचा वाटा सार्वजनिक घरांसाठी घेणे हा तिसरा पर्यायही आहे, आणि नेमका त्याचाच विसर पाडला जातो.

त्या विसराची किंमत मुंबईच्या कामगारांनी जवळून पाहिली आहे. येथे भिंतीही फारशा राखल्या गेल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. गिरणगावातील अठ्ठावन्न गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने विक्रीला परवानगी देताना या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी पालिकेला व एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला देण्याचे ठरवले होते. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. तिसरा पर्याय कागदावर आलेला होता. एका शब्दाच्या फेरफाराने तो काढून घेण्यात आला. घरांसाठी दीड लाखाहून अधिक कामगारांनी व वारसांनी अर्ज केले. त्यांपैकी फार थोड्यांना घर मिळाले. काही ठिकाणी एखादे धुराडे शोभेसाठी उभे आहे. लंडनमध्ये भिंती राहिल्या, मुंबईत मनोरे आले. जमिनीच्या मोलाचा प्रवास दोन्हीकडे एकाच दिशेने झाला.

स्मृतीचे काय? संपसमितीतील एक प्रमुख कार्यकर्ती सारा चॅपमन १९४५ मध्ये वारली आणि मॅनर पार्कच्या दफनभूमीत नावाच्या दगडाविना पुरली गेली. कारखान्याच्या विटांना कायद्याचा आधार मिळाला. त्या विटांना अर्थ देणाऱ्या स्त्रीच्या कबरीला तो मिळाला नाही. वंशजांनी व कामगार चळवळीतील लोकांनी तिचा शोध घेतला, पाठपुरावा केला. त्या आवारात संपाच्या स्मरणार्थ निळा फलक लागला तो २०२२ साली, संपानंतर एकशे चौतीस वर्षांनी.

या अनुभवाचा बोध सरळ आहे. जेथे जेथे जुना कारखाना, गिरणी किंवा गोदी बंद पडते, तेथे इमारतीचे जतन आणि जमिनीवरील हक्क हे दोन प्रश्न एकत्रच उपस्थित केले पाहिजेत. कानपूर असो, अहमदाबाद असो वा सोलापूर, जतनाचा आराखडा मांडला जाताच किती घरे कामगारांसाठी, किती जागा सार्वजनिक, आणि त्या भिंतीवर कोणाची नावे, हे विचारणारी समिती वस्तीत तयार असली पाहिजे. नियमातील एक शब्द बदलण्याआधी ती जागी असली पाहिजे; नंतर जागे होऊन न्यायालयाची पायरी चढणे किती महागात पडते, हे गिरणगावाने शिकवले आहे. बोच्या मुलींनी कोणाच्या परवानगीची वाट पाहिली नव्हती. त्यांचा खरा वारसा तोच आहे, आणि तो कोणत्याही सदनिकेसोबत विकत मिळत नाही.