नांव कोणाच्या खात्यावर ?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या अंजनगांव सुर्जींत एक नवा धंदा उदयास आला आहे. हातांत मोबाईल घेतलेला एखादा तरतरीत तरुण दुकानांत, रोपवाटिकेंत किंवा थेट पानमळ्याच्या फाटकाशीं येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "तुमचें नांव गूगलवर पहिलें आणून देतों, अमुक इतके रुपये पडतील." पानवेलीचा बागाइतदार असो, संत्र्याचीं कलमें विकणारा असो, पिठाची गिरणी चालविणारा असो कीं ठिबकाच्या नळ्या दुरुस्त करणारा असो, "पहिलें नांव" हे शब्द कानीं पडतांच त्याचें मन चळतें. त्यांत त्याचा दोष नाहीं. आपला माल चार लोकांच्या दृष्टीस पडावा ही इच्छा शेतकऱ्यास असावयासच पाहिजे. परंतु त्याची किंमत काय, ती कोणास द्यावयाची आणि दिल्यावर पदरांत काय पडतें, याचा विचार या मासिकाच्या वाचकांनीं करावा, या हेतूनें आज आम्हीं लेखणी हातीं घेतली आहे.

आम्हीं उभी हयात महसूल खात्यांत कारकुनी केली. यंत्रविद्येचें ज्ञान आम्हांस नाहीं व तसा आव आणण्याची इच्छाहि नाहीं. तथापि आमच्याच घरीं घडलेली एक हकीकत सांगितल्यावांचून मुद्दा स्पष्ट व्हावयाचा नाहीं. आमचे कनिष्ठ बंधू अर्ध्या एकरांत पानपिंपरी करतात. फळें तोडणें, उन्हांत वाळविणें, देंठ व माती वेगळी काढणें हें सारें काम घरचींच माणसें करतात; आणि त्यांतील थोडा निवडक माल व्यापाऱ्याकडे न घालतां परगांवच्या वैद्यांस व काष्ठौषधींच्या दुकानदारांस परभारें विकण्याचा त्यांचा प्रयत्न असतो. वर सांगितल्यासारख्या एका गृहस्थानें त्यांच्याकडून आठ हजार रुपये घेतले व गूगलच्या नकाशावर त्यांच्या विक्रीची नोंद करून दिली. मोबाईलवर आपलें नांव पाहून बंधूंस धन्यता वाटली. पुढें सबंध हंगाम लोटला, परंतु नव्या गिऱ्हाइकाचा एकहि फोन आला नाहीं.

अखेरीस आमच्या परिचयाचे नागपूरचे एक वैद्य लग्नानिमित्त परतवाड्यास आले असतां आमच्या घरीं येऊन गेले. बोलतां बोलतां ते संकोचानें म्हणाले, "मागच्या खेपेस आपण पाठविलेला माल ओलसर निघाला हो." बंधूंनीं तर त्या वर्षीं त्यांस माल पाठविलाच नव्हता ! चौकशी केली तेव्हां उलगडा झाला. वैद्यबुवांच्या मोबाईलमधून बंधूंचा जुना क्रमांक नाहींसा झाला होता, म्हणून त्यांनीं तो गूगलच्या नोंदीवरून घेतला. त्या नोंदीवर क्रमांक होता त्या गृहस्थाचा. ज्या ई-मेल खात्यावर नोंद केली होती तें खातेंहि त्याचेंच. येणारे फोन तो स्वतः घेई आणि मिळेल तेथला माल आमच्या बंधूंच्या नांवावर खपवी. बंधू एवढेंच म्हणाले, "दादा, आठ हजार गेले त्याचं काही नाही; पन मानूस आपल्या नावानं फोन करे अन् माल दुसऱ्याचा जाये."

हें ऐकतांच आम्हांस वाटलें कीं हा रोग नवा नाहीं. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नांव दुसऱ्याचें, अशीं प्रकरणें आम्हीं नोकरींत किती पाहिलीं याची गणती नाहीं. नांगर कोणाचा, घाम कोणाचा, हें दप्तर विचारीत नाहीं. नोंद कोणाची एवढेंच तें सांगतें. गूगलच्या नोंदीचेंहि तसेंच आहे. दुकान तुमचें, माल तुमचा, पाटी तुमची. परंतु नोंद ज्याच्या खात्यावर तोच तिचा धनी. फोन क्रमांक बदलणें, वेळ बदलणें, दुकान कायमचें बंद असल्याचें लिहिणें, हें सर्व त्याच्या हातांत. म्हणून या विषयांत आमचें पहिलें व मुख्य सांगणें हें आहे कीं, नांव वर कितवें आहे हें मागाहून पाहावें. आधीं तें कोणाच्या खात्यावर आहे तें पाहावें.

ही नोंद करण्यास वास्तविक एक पैसाहि लागत नाहीं. दुकानदारांनीं आपली माहिती स्वतः लिहावी यासाठीं गूगल कंपनीनें २०१४ सालीं 'माय बिझनेस' नांवाची सोय काढली. २०२१ पासून तिचें नांव 'बिझनेस प्रोफाइल' असें आहे. ती विनामूल्य आहे. आपल्या ई-मेल खात्यावरून नांव, पत्ता, धंद्याचा प्रकार, फोन व वेळ भरावयाची. मग कंपनी फोनवरून, पत्रानें किंवा जागेचें चित्रीकरण मागवून खातरजमा करते. आधींच दुसऱ्यानें नोंद बळकावली असल्यास मालकी मागण्याचा अर्ज करतां येतो. त्या इसमास उत्तर देण्यास मुदत मिळते. फेरफाराची नोटीस व हरकतीची मुदत यांशीं परिचय असलेल्या शेतकऱ्यास यांत अवघड वाटण्यासारखें कांहीं नाहीं. आमच्या बंधूंनीं याच मार्गानें मळ्याचें चित्रीकरण पाठवून आपली नोंद परत मिळविली. गेलेलें गिऱ्हाईक मात्र तेवढ्यानें परत आलें नाहीं.

आतां "पहिलें नांव" म्हणजे काय तें पाहूं. शोधयंत्र हें एखाद्या अवाढव्य अभिलेखकक्षाच्या कारकुनासारखें आहे. माल चांगला कीं वाईट हें त्यास चाखून समजत नाहीं. विचारणाऱ्यानें कोणता शब्द उच्चारला, त्या शब्दाचा कागद कोणत्या बस्त्यांत आहे, एवढें तें जाणतें. जवळपासचीं दुकानें दाखवितांना आपण तीन गोष्टी पाहतों असें ती कंपनी स्वतःच सांगते : विचारलेल्या वस्तूशीं नोंद किती जुळते, विचारणाऱ्यापासून जागा किती दूर आहे, आणि त्या जागेची प्रसिद्धि किती आहे. या क्रमांत वर चढण्यासाठीं कंपनी पैसे घेत नाहीं हेंहि तिनें जाहीर केलें आहे. पैसे भरून जाहिरात देतां येते, पण ती जाहिरात म्हणूनच वेगळी दिसते. तेव्हां "कायमचें पहिलें नांव" देण्याची हमी घेणारा मनुष्य जी वस्तु त्याच्या हातीं नाहीं ती विकत आहे.

मग आपल्या हातीं काय आहे ? आमचे मते शब्द. याच बाबतींत आमचा बागाइतदार गाफील आहे. आम्ही जिला पानपिंपरी म्हणतों तिला कोणी पानपिंपळी म्हणतो, कोणी लेंडी पिंपळी. वैद्यांच्या ग्रंथांत ती पिप्पली, त्रिकटूंतील सुंठ व मिरें यांची सोबतीण. गुजराती व्यापारी लिंडी पीपर म्हणून विचारील. हिंदी मुलखांतील मनुष्य पीपल म्हणेल, आणि तेवढ्यानें पिंपळवृक्षाचा घोटाळा होईल. नुसतें पिंपरी म्हटलें तर पुण्याजवळचें शहर पुढें यावयाचें. तिच्या मुळांस पिंपळमूळ म्हणतात, कोठें गंठोडा. गिऱ्हाईक ज्या नांवानें हांक मारतें तें नांव आपल्या वर्णनांत नसेल, तर माल दाराशीं असूनहि हांक ऐकूं येणार नाहीं. म्हणून मालाच्या वर्णनांत हीं सर्व नांवें मराठींत, हिंदींत व इंग्रजी लिपींत साध्या वाक्यांनीं लिहावीं. दुकानाच्या नांवांत मात्र तीं कोंबूं नयेत. पाटीवर जें नांव आहे तेंच नोंदींत असावें असा कंपनीचा नियम आहे व तो मोडल्यास नोंद तहकूब होऊं शकते.

गांवाच्या नांवाचीहि हीच गत आहे. इतिहासाच्या पुस्तकांत आमचें गांव येतें तें ३० डिसेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यांत झालेल्या तहामुळें. परंतु आमच्याच जिल्ह्यांत बडनेऱ्याच्या बाजूस अंजनगांव बारी म्हणून दुसरें गांव आहे. त्यांतून पानवेल व पानपिंपरी पिकविणारे बहुतेक बागाइतदार बारी समाजाचे. तेव्हां "अंजनगांवचा बारी" शोधणारा परगांवचा मनुष्य भलत्याच गांवीं जाऊन उभा राहिला तर नवल नाहीं. पत्त्यांत सुर्जी, तालुका व पिनकोड लिहिण्याचा आळस करूं नये, आणि नकाशावरील खूण स्वतः जागेवर उभें राहून तपासावी. चतुःसीमा चुकली कीं खटला उभा राहतो, हें शेतकऱ्यास आम्हीं सांगावयास नको.

प्रसिद्धीची गोष्ट यापेक्षां नाजूक आहे. गिऱ्हाइकें अभिप्राय लिहितात व तारे देतात. त्यावरून पुढचें गिऱ्हाईक ठरवितें. येथेंहि शंभर अभिप्राय विकत देणारे निघाले आहेत. हा खोटा पंचनामा होय. ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांनीं ग्राहकाचें सोंग घेऊन स्वतःच अभिप्राय लिहूं नयेत, असें केंद्र सरकारच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत सांगितलें आहे. आणि २०२२ सालीं भारतीय मानक ब्यूरोनें अभिप्रायांसंबंधीं आयएस १९००० हें मानक प्रसिद्ध केलें. कायदा बाजूस ठेवला तरी शंभर खोट्या स्तुतींपेक्षां तक्रारीस दिलेलें एक सरळ उत्तर आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. "माल ओला गेला, आमची चूक झाली, बदलून देतों," असें जो चारचौघांत लिहितो त्याच्यावर अनोळखी मनुष्यहि विश्वास ठेवतो.

कांहीं वृद्ध वाचक म्हणतील कीं, माल चोख असेल तर गिऱ्हाईक आपोआप येतें. हे उपद्व्याप कशास? त्यांस आम्ही किर्लोस्करांच्या नांगराची आठवण देतों. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला. नांगर चोख होता. परंतु लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, म्हणून तो खपण्यास फार दिवस लागले. पुढें १९२० सालीं त्याच कारखान्यानें 'किर्लोस्कर खबर' हें पत्रक काढून आपला माल लोकांस समजावून सांगितला. चोख वस्तूसहि बोलावें लागतें. खोटें मात्र बोलावें लागत नाहीं.

उलट बाजूस, या नोंदीनें सारीं दुःखें दूर होतील असेंहि कोणीं समजूं नये. पानपिंपरीचे मोठे खरेदीदार म्हणजे औषधांचे कारखाने. त्यांचा भाव आमच्या मोबाईलवर ठरत नाहीं. नोंद गिऱ्हाइकास दारापर्यंत आणते. पुढें त्यास बसवून घेणें हें वाळवणीच्या, निवडीच्या आणि वजनाच्या हातीं आहे. ज्याचा माल अजून निवडून होत नाहीं त्यानें आधीं सूप हातीं घ्यावें, मग मोबाईल.

एक शेवटची सूचना आमच्या मंडळास आहे. नव्या बाजारांत एकटा शेतकरी नागवला जातो हा अनुभव वऱ्हाडास जुना आहे. म्हणूनच १८८६ सालीं कारंजास कापसाचा नियंत्रित बाजार भरूं लागला व १८९७ सालीं वऱ्हाडांतील कापूस व धान्याच्या बाजारांसाठीं कायदा झाला. हल्लींच्या या बाजारासहि थोडी शिस्त आपणच लावूं शकतों. मंडळानें सभासदांच्या नोंदींचें एक साधें रजिस्टर ठेवावें : नोंद कोणत्या नांवावर, कोणत्या ई-मेल खात्यावर, फोन कोणाचा, शेवटची तपासणी केव्हां. हंगामापूर्वीं एक दिवस नेमून सभासदांच्या शिकलेल्या मुलामुलींकडून सर्व नोंदी तपासून घ्याव्या. परवलीचा शब्द घरांतील दोन विश्वासू माणसांस ठाऊक असावा. बाहेरच्या माणसाकडून काम करून घेणें भाग पडल्यास पैसे द्यावे ते केलेल्या कामाचे, क्रमांकाच्या आश्वासनाचे नव्हेत. आणि करार लेखी असावा. फसवणूक झालीच तर लाजेनें घरांत बसूं नये. १९३० या सरकारी क्रमांकावर ताबडतोब तक्रार द्यावी.

आमच्या बंधूंच्या ओसरीवर या वर्षींहि पानपिंपरी वाळत आहे. नोंदीवर आतां त्यांचाच क्रमांक आहे. मध्यंतरीं नागपूरच्या त्या वैद्यांचा फोन आला, तेव्हां बंधूंनीं आधीं आपलें नांव सांगितलें, मग भाव. वाचकांपैकीं ज्यांची अशी नोंद असेल त्यांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर दुसऱ्याच्या मोबाईलवरून आपल्याच दुकानास एक फोन लावून पाहावा. पलीकडून कोणाचा आवाज येतो, एवढें ऐकलें म्हणजे पुरे.