निरीक्षण: दादर ते कोसबाड

मूल शाळेत येत नसेल, तर दोष कोणाचा? उत्तराआधी निरीक्षण हवे.

माँटेसरी पद्धतीत शिक्षिकेने आधी मोकळेपणी वावरणाऱ्या मुलाकडे पाहावे, मग शिकवावे. १९३६ मध्ये ताराबाई मोडक यांनी दादरला शिशुविहार सुरू केले, ते याच विचाराने.

१९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तेथील आदिवासी मुले शाळेत येईनात. ‘त्यांना शिक्षणाची आवडच नाही’ हा निष्कर्ष सोपा होता. ताराबाईंनी मुलांचा दिवस पाहिला: कोणी गुरे राखत होते, कोणी धाकटे भावंड सांभाळत होते. मग शाळाच त्यांच्याकडे गेली. अंगणवाडी आणि पुढे कोसबाडची कुरणशाळा उभी राहिली.

निरीक्षणाची कसोटी हीच: त्याने पाहणाऱ्याचे मत बदलते का? तीन वर्षांच्या मुलाला पाच मिनिटांत पारखणे, हे निरीक्षण नव्हे.