फळी भाड्यानं मिळते, वाटाड्या मिळत नाही : दिलसुखनगरची पोरं आणि रविवारचं पाणी

दिलसुखनगर आपल्याकडच्या लोकांना नव्यानं सांगायची गरज नाही. बस डेपो, साईबाबा मंदिर, मेट्रोचं स्टेशन आणि चारी बाजूंनी कोचिंग क्लासचे बोर्ड. चैतन्यपुरी, कोत्तापेटपर्यंत गल्लीगल्लीत हॉस्टेलं. देगलूर, बिलोली, धर्माबाद, किनवट, इकडं औराद, भालकीची पोरंही तिथं दिसतात. रविवारी चारमिनार, बिर्ला मंदिर, हुसेनसागरची बोट, झालंच तर एखादा सिनेमा, असा कार्यक्रम वर्षानुवर्षं ठरलेला. आता मोबाईलवर दुसरंच चित्र फिरतंय. हिरव्या डोंगराच्या पायथ्याशी शांत तळं, त्यात एक रुंद फळी, फळीवर उभा गडी, हातात लांब वल्हं. याला स्टँड-अप पॅडलबोर्डिंग म्हणतात. आणि त्याच्या जाहिरातीत हल्ली एक शब्द हमखास असतो, ‘सेल्फ गायडेड’. म्हणजे फळी घ्या, वल्हं घ्या, तुमचं तुम्ही फिरून या.

हा शब्द ऐकायला मोकळा वाटतो. व्यवहाराच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच, की सोबत माणूस द्यायचा खर्च भाड्यातून वजा झाला आणि जोखीम गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा झाली. धंदा म्हणून यात गैर काही नाही. सायकलही आपण अशीच भाड्यानं घेतो. फरक इतकाच, की सायकलवरून पडलेला माणूस रस्त्यावर पडतो.

खेळ वाईट नाही, हे आधी सांगून टाकतो. हवाई बेटांवरून निघालेला हा प्रकार मागच्या वीसेक वर्षांत जगभर पसरला. आपल्या देशात त्याच्या अधिकृत स्पर्धा होतात. 2024 च्या मार्चमध्ये मंगळुरूजवळ ससिहित्लूच्या किनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय दर्जाची पॅडल स्पर्धा झाली. तमिळनाडूच्या कोवलमचा शेखर पचाई यानं याच खेळात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली, आणि तो काही श्रीमंताघरचा नाही, मच्छीमार वस्तीतून आलेला आहे. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. फळी रुंद असते, साधारण दहा-अकरा फूट लांब आणि अडीच फुटांहून जास्त रुंद, त्यामुळं अर्ध्या तासात बहुतेकांना उभं राहता येतं. गोम तिथंच आहे. उभं राहणं अर्ध्या तासात जमतं, पाणी वाचणं जमत नाही.

दिलसुखनगरच्या पोरानं फळी घेऊन जायचं कुठं? नकाशा उघडला तर सगळ्यात जवळचं पाणी म्हणजे सरूरनगरचा तलाव. डेपोपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. कुतुबशाही काळातला, 1626 चा. शंभरेक एकर पाणी, शेजारी बाग. कागदावर यापेक्षा सोयीची जागा नाही. प्रत्यक्षात आजूबाजूच्या कॉलन्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं या तलावात येत राहिलं, जलपर्णी माजत राहिली, वर गणपती विसर्जन. पावसाळ्यात हाच तलाव उलटा कॉलन्यांमध्ये शिरतो. 2020 च्या ऑक्टोबरात आणि त्याच्या पुढच्या वर्षीही खालच्या वस्त्यांनी ते भोगलं. 2020 च्याच सप्टेंबरात तर स्कूटर घेऊन निघालेला एक माणूस रस्त्यावरच्या पाण्यातून नाल्यात आणि नाल्यातून या तलावात वाहून गेला. असल्या पाण्यावर हौसेनं फळी टाकायची म्हणजे तोल गेला की नाकातोंडात काय जाईल याचा हिशेब आधी करा. लेप्टोसारखा ताप अंगावरच्या साध्या ओरखड्यातूनही शिरतो.

तिकडं शहराच्या दुसऱ्या टोकाला दुर्गम चेरुवू आहे. एकेकाळी गोवळकोंड्याला पाणी पुरवणारा तलाव. 2020 च्या सप्टेंबरात त्यावर केबल पूल झाला, भोवती चालायची वाट झाली, दिवे लागले, पाण्यावर कयाक आणि फळ्या आल्या. तिथंही सांडपाण्याची तक्रार अधूनमधून होतेच, पण तलाव आयटीवाल्यांच्या खिडकीसमोर असल्यामुळं त्याची दखल लवकर घेतली जाते. सरूरनगरसमोर कुणाची खिडकी आहे? हॉस्टेलची आणि भाड्याच्या खोल्यांची. एकाच शहरातल्या दोन तळ्यांचं नशीब कोण समोर राहतं यावर ठरतं, असं माझं मत आहे. 2024 च्या जुलैमध्ये तेलंगण सरकारनं ‘हायड्रा’ ही यंत्रणा काढली, ऑगस्टमध्ये माधापूरच्या तळ्यावरचं एका बड्या सिनेनटाचं सभागृह पाडलं, देशभर बातमी झाली. तळ्यात बांधकाम करणाऱ्यावर बुलडोझर चालतो हे दिसलं. तळ्यात घाण सोडणाऱ्या गटारावर बुलडोझर चालत नाही, त्याला पाइप आणि शुद्धीकरण प्रकल्प लागतो, आणि त्या कामाचा व्हिडिओ फिरत नाही.

मग पोरं शहर सोडतात. पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर विकाराबाद जिल्ह्यात कोटपल्लीचा जलाशय आहे, अनंतगिरीच्या डोंगररांगेच्या बाजूला. (आपल्या मुसी नदीचा उगम याच अनंतगिरीत. जी मुसी मुसारामबागच्या पुलावर नाक धरायला लावते, ती तिथं ओढ्यासारखी नितळ.) कोटपल्लीत बऱ्याच वर्षांपासून कयाक भाड्यानं मिळतात, शनिवार-रविवारी गर्दी होते. पहाटे चारला दुचाकीवरून निघायचं, अर्धी झोप घेऊन आठला पाण्यावर, दुपारी परत. त्या परिसरात रिसॉर्टंही वाढली. आणि 2025 च्या जूनमध्ये विकाराबादजवळच्याच सर्पनपल्लीच्या पाण्यात नाव उलटून दोन महिला पर्यटक गेल्या. पाणी शांतच होतं, वाहती नदी नव्हती.

बुडण्याच्या बातम्या आपण ‘दुर्दैवी घटना’ म्हणून वाचतो आणि पान उलटतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशात बुडून गेलेल्यांचा आकडा 38 हजारांहून जास्त आहे. त्यात विहिरी, शेततळी, पूर, ओढे सगळं आलं. सहलीला जाऊन बुडालेले त्यातला एक हिस्सा, पण हा हिस्सा बहुतेक तरुणांचा. 2025 च्या जानेवारीत सिद्दीपेटजवळ कोंडपोचम्मा सागरात हैदराबादचे पाच तरुण बुडाले. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या उंबऱ्यावर, बासरला, गोदावरीत पाच जण गेले. तेही हैदराबादहूनच दर्शनाला आलेले. यातलं कुणी फळीवर नव्हतं. पण कारणाचा सांधा एकच आहे. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याच्या तळाचा अंदाज नसणं, आणि काठावर तो सांगणारा माणूस नसणं.

बासरचं पाणी आपल्या वाचकाला जास्त कळेल. वर धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालानुसार त्याचे दरवाजे 1 जुलैला वर उचलतात आणि 28 ऑक्टोबरपर्यंत उघडे ठेवावे लागतात. खाली पोचम्पाडचा फुगवटा. म्हणजे त्या पट्ट्यातल्या नदीचं रूप पावसाइतकंच दोन राज्यांच्या कॅलेंडरवर अवलंबून. मेमध्ये जिथं वाळूत चालता येतं, तिथं ऑगस्टमध्ये काय असेल ते गावातला भोई सांगेल, मोबाईलवरचं ॲप सांगणार नाही. ‘आपले आपण’ फिरणाऱ्याला ही माहिती द्यायची जबाबदारी कुणाची, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे.

कायदा काय म्हणतो? 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा मुख्यतः इंजिनाच्या नावांचा आहे. बिनइंजिनाच्या नावांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे जाते. आता फुगवून पाठीवर टाकता येणारी फळी ही नाव, का खेळणं? ग्रामपंचायतीला विचारा, ती पाटबंधाऱ्याकडं बोट दाखवेल. पाटबंधारे म्हणेल आमचं काम पाणी साठवायचं, पर्यटन आमच्याकडं नाही. मासेमारीचा हक्क मच्छीमार सोसायटीकडं, काठाची जमीन महसूलकडं किंवा वनखात्याकडं. पाण्याला मालक पाच, अपघाताला एकही नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं 2017 मध्ये नौका सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. 2024 च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात 12 शाळकरी मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, तेव्हा क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि लाइफ जॅकेटची टंचाई हीच कारणं पुढं आली. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या उजनीत कळाशी-कुगावच्या मध्ये नाव उलटून सहा जण गेले. सूचना कागदावर होत्याच.

महाराष्ट्राकडं याबाबतीत निदान एक धोरण आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये राज्यानं साहसी पर्यटन धोरण काढलं. जमीन, हवा, पाणी तिन्हींवरच्या खेळांसाठी आयोजकानं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची, प्रशिक्षित माणूस ठेवायचा, अशी त्याची चौकट. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर मुनावळ्याला 2024 मध्ये सरकारी जलपर्यटन केंद्र सुरू झालं. पण धोरण आयोजकाला धरतं. नुसती वस्तू भाड्यानं देणारा ‘मी आयोजक नाही, मी दुकानदार’ म्हणाला तर? सेल्फ गायडेडची मेख तीच. गिऱ्हाइकाकडून ‘सर्व जबाबदारी माझी’ अशा कागदावर सही घेतली की दुकानदार मोकळा, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. खराब जॅकेट दिलं, वादळी वाऱ्यात फळी दिली, तर ती सेवेतली कसूर ठरते आणि ग्राहक आयोगात सही आडवी येईलच असं नाही. पण तोपर्यंत माणूस गेलेला असतो, आणि आयोगात जायचं बळ कुठल्या घरात उरतं?

विमा हा त्याहून दुर्लक्षित भाग. भाड्याच्या पावतीवर विम्याचं नाव आहे का, पॉलिसी कुणाच्या नावावर, त्यात पाण्यावरचा खेळ धरलाय का, हे तीन प्रश्न विचारले तर बऱ्याच ठिकाणी समोरचा नुसता हसतो. पावतीच मिळत नाही तिथं तर विचारायचंच नको. यूपीआयचा मेसेज म्हणजे पावती नव्हे.

तरीही पोरं जाणार. ‘जाऊ नका’ म्हणून घरून फोन केल्यानं कुणी थांबलेलं मी पाहिलं नाही. त्यापेक्षा पाण्यावर काय घडतं ते ठाऊक असलेलं बरं. फळीवर उभा माणूस म्हणजे शिडच. दरवर्षी जुलैत हुसेनसागरावर शिडाच्या होड्यांची मोठी स्पर्धा भरते, देशभरातून लोक येतात, कारण तेव्हा पश्चिमेचा वारा जोरात असतो. ज्या वाऱ्यासाठी ते येतात तोच फळीवाल्याचा वैरी. जाताना वारा पाठीशी असला की दहा मिनिटांत तळ्याच्या मध्यावर पोचतो, वाटतं आपल्याला जमतंय. परत फिरल्यावर कळतं, वल्हं मारून फळी जागची हलत नाही. म्हणून आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं, दमल्यावर वारा आपल्याला घरी आणतो. वारा वाढला तर उभं राहायचा हट्ट सोडायचा, गुडघ्यावर बसायचं, नाहीतर पालथं पडून हातांनी ओढायचं. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारनंतर उठतो, हे शेतात वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही, पण हॉस्टेलची पोरं उठतात उशिरा.

दुसरी गोष्ट दोरीची. फळी आणि पाय यांना बांधणारी दोरी असते, तिला लीश म्हणतात. बऱ्याच जणांना ती अडगळ वाटते. पडल्यावर फळी वाऱ्यानं अशी पळते, की चांगला पोहणाराही तिला गाठू शकत नाही. दोरी असेल तर बुडणाऱ्याच्या हाताशी अकरा फुटांचा तराफा राहतो. पण हीच दोरी वाहत्या पाण्यात, बुडालेल्या बाभळींत किंवा मासेमारीच्या जाळ्यात अडकली तर घात करते. तिथं घोट्याला नाही, कमरेला, एका झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याची दोरी लागते. आपल्या धरणांच्या फुगवट्यात जुनी झाडं, विहिरी, कधी अख्खी गावं पाण्याखाली आहेत. दुकानदाराकडं एकाच प्रकारची दोरी असेल तर तो समुद्राचा धंदा तळ्यावर करतोय असं समजा.

लाइफ जॅकेट फोटोपुरतं घालायचं नाही. बकलं लावून खांद्याला धरून कुणीतरी वर ओढायचं. कानापर्यंत सरकलं तर ते आपल्या मापाचं नाही, दुसरं मागायचं. दुसरं नसेल तर पैसे परत मागायचे.

आता सीमेच्या या बाजूचं. नांदेडचा विष्णुपुरी, हिंगोली-यवतमाळच्या मधला इसापूर, खाली कामारेड्डीकडं निझामसागर, संगारेड्डीचा सिंगूर. मोठं पाणी आपल्याभोवती भरपूर, आणि आज ना उद्या कुणीतरी फळ्या घेऊन येणारच. फुगवता येणारी फळी बॅगेत मावते, पंपानं भरते, दुकान टाकायला छत्री आणि टेबल पुरतं. तो येण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक जलाशयासाठी एकच खातं जबाबदार म्हणून नेमलं, कुठपर्यंत जायचं त्याचे तरंगते पिंप बांधले आणि धोक्याच्या जागा मराठी-तेलुगू दोन्हीत लिहिल्या, तर खर्च फार नाही. काठावरचा पहारेकरी कुठून आणायचा, हा प्रश्नही पडू नये. बासर असो, उजनी असो, प्रेतं शोधायला शेवटी स्थानिक मच्छीमारांनाच हाक मारली जाते, बहुतेक वेळा फुकटात. त्याच सोसायटीच्या चार पोरांना गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षकाचं प्रशिक्षण देऊन रोजंदारीवर काठावर बसवायला जिल्हा नियोजनच्या निधीत जागा निघू शकते. त्यासाठी प्रस्ताव लागतो, आणि प्रस्ताव कुठल्या खात्यानं करायचा यावर गाडी पुन्हा पहिल्या मुक्कामाला येते.