आधी गाडी गार करून दाखवा!

मॉडिफाय केलेली गाडी म्हटली की आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर काय येतं? रुंद टायर, खाली बसवलेलं सस्पेन्शन, मागे स्पॉयलर आणि अख्ख्या होस्टेलची झोप उडवणारा सायलेन्सर. या यादीत एसी कुठेच नसतो. उलट 'एसी काढून टाक, वजन कमी होतं, पिकअप वाढतो' असा सल्ला देणारे तज्ज्ञ प्रत्येक विंगमध्ये दोन तरी सापडतात. माझं मत नेमकं उलटं आहे. मॉडिफाय केलेल्या गाडीची खरी व्हायव्हा एसीच घेतो. इंजिन, कूलिंग, वायरिंग, केबिन... यातल्या कुठल्याही विषयात बॅकलॉग असेल, तर एसी तो उघडा पाडतोच.

रेस ट्रॅकवर एसी नको, हे मान्य. पण आपली गाडी धावते कुठे? नाशिक फाटा ते चाकण. मे महिन्याची दुपार, तळेगाव चौक, पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. तिथे घामाने निथळणारा स्पोर्ट्स कारचा मालक म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा! काचांना काळी फिल्म लावावी म्हटलं, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच त्यावर बंदी घातली आहे.

२०२२ पर्यंत आपल्या चाकणलाच बनणारी फोक्सवॅगन पोलो घ्या. मॉडिफाय करणाऱ्यांची ही लाडकी गाडी. कंपनीतून बाहेर पडते तेव्हा तिच्या एसीचा हिशोब चोख असतो. आपण जास्त पॉवरसाठी पुढे मोठा इंटरकूलर बसवतो आणि तो हिशोब मोडतो. कारण एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि इंटरकूलरही तिथेच येऊन बसतो. जाळीतून येणारी हवा एक, हक्क सांगणारे तीन! पहिल्याने तापवलेली हवा दुसऱ्याला, दुसऱ्याने तापवलेली तिसऱ्याला. गाडी पळत असेपर्यंत निभावतं. चौकात थांबली की सगळा भार पंख्यावर. कंडेन्सर गार होत नाही, दाब वीस बारच्या वर चढतो, आणि तिशीच्या आसपास गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. मालक म्हणतो, 'गॅस कमी झालाय.' गॅरेजवाला आणखी गॅस भरतो, दाब आणखी वाढतो. आगीतून फुफाट्यात!

इंजिन मागे असेल तर गंमत आणखी वाढते. दिलीप छाब्रियांची डीसी अवंती २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोमध्ये दिसली, तेव्हा तिच्या आकारावर सगळे फिदा झाले. तिचं इंजिन सीटच्या मागे. अशा मांडणीत कॉम्प्रेसर मागे इंजिनाजवळ आणि कंडेन्सर पुढे ठेवायचा, तर पाइप गाडीच्या लांबीभर फिरवावे लागतात. पाइप लांबला की गॅस जास्त लागतो, ऑइलचा हिशोब बदलतो, आणि कॉम्प्रेसरकडे परतणारा थंड गॅस वाटेतच तापतो. भोसरीत हायड्रॉलिक होज हवा तसा क्रिंप करून मिळतो, पण तो इथे उपयोगाचा नाही. एसीला आत नायलॉनचा थर असलेला होजच लागतो, नाहीतर गॅस रबरातून हळूहळू झिरपून जातो.

कॉम्प्रेसरचंही तेच. १ टन कूलिंग म्हणजे साडेतीन किलोवॅट. मोठ्या गाडीचा कॉम्प्रेसर छोट्या इंजिनाला लावला तर नाकापेक्षा मोती जड. त्यात आफ्टरमार्केट ईसीयू बसवताना 'एसी चालू झाला की आयडल वाढव' ही सूचना द्यायची राहून गेली, तर सिग्नलला गाडी बंद!

आता गॅस भरण्याविषयी. कंपनीच्या गाडीत बॉनेटखाली स्टिकर असतो, गॅस किती ग्रॅम भरायचा ते त्यावर लिहिलेलं असतं. आपण जुळवलेल्या गाडीला स्टिकर कोण लावणार? तिथे आधी व्हॅक्यूम पंप लावून हवा आणि ओल काढायची, मग काट्यावर मोजत थोडा थोडा गॅस सोडायचा, आणि दाब व तापमान बघून सुपरहीट काढायचा. म्हणजे आपण आरएसीच्या पेपरला काढतो तोच पी-एच चार्ट! पेपर झाला की आपण तो विसरतो. लॅबमधल्या टेस्ट रिगची रीडिंग मागच्या वर्षीच्या फाइलमधून कशी उतरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सरांनाही!

अंदाजपंचे काम केलं की गॅस सोडा, पुन्हा भरा, पुन्हा सोडा, हे आलंच. हा गॅस आर-१३४ए. तापमानवाढीच्या हिशोबात त्याचा १ किलो म्हणजे सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइड. छोट्या गाडीतला साडेचारशे ग्रॅम गॅस हवेत सोडणं म्हणजे तीच गाडी पाच हजार किलोमीटरहून जास्त पळवण्यासारखं आहे. एका फुस्समध्ये!

म्हणून माझी कॉलेजला विनंती आहे. मेकॅनिकलला एक जुनी गाडी द्या, सोबत गेज, व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि गॅस परत काढून घेणारं मशीन द्या. तिला आपल्या हिशोबाने एसी बसवणं हाच मिनी प्रोजेक्ट ठेवा. गाडी कॉलेजच्या आवारातच राहू द्या, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची भानगडही नको.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत असं कुणी म्हणेल. तर एवढंच सांगतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनला सरकारने एसी सक्तीचा केला आहे. पण हा नियम नव्या ट्रकसाठी. त्याआधीचे ट्रक अजून चाकणच्या रस्त्यांवर रांगा लावून उभेच आहेत आणि आत ड्रायव्हर भाजतोय. त्या केबिनलाही तयार किट सहज बसणार नाही. कंडेन्सर कुठे, पाइप कुठून, गॅस किती, हे कुणीतरी नव्याने काढावं लागेल. स्पोर्ट्स कारवर हात बसलेला पोरगाच ते करू शकेल. स्पॉयलर लावणाऱ्याला ते जमणार नाही.