चिलमीची बदनामी

चिलीम म्हटलं की शहरातल्या माणसाला आता गांजाच आठवतो. सिनेमानं हे डोक्यात भरवलं. आमच्या बापजाद्यांच्या चिलमीत तंबाखू असायची आणि तिला शिस्त होती. आत खडा, म्हणजे तंबाखू तोंडात येत नाही. खालच्या तोंडाला ओली छापी. ओढून झाली की राख झाडायची, खडा काढायचा, चिंधी आरपार ओढून कीट पुसायचं. एवढा कुटाणा करायचा तर माणूस बांधावर टेकायचाच; बैलांनाही तेवढाच इसावा.

तंबाखू चांगली, असं मी म्हणणार नाही. धुरानं छाती जाते. छापी काही इख गाळत नाही. पण चिलमीला नावं ठेवणाऱ्याच्याच खिशात पुडी निघते, त्याचं काय? राज्यात २०१२ साली गुटखाबंदी झाली, तरी पुडी मिळतेच. तिला ना बसणं लागतं, ना पुसणं. फाडली, तोंडात टाकली, कागद आमच्या बांधावर. शाळकरी पोरंसुद्धा चालता चालता खातात.

तेव्हा चिलीम गेली म्हणून गाव सुधारलं, असं कुणी सांगू नये. आधी पोराचा खिसा तपासा.