‘बरं आहे’ एवढ्यावर डोस ठरू नये

हार्ट फेल्युअरचा रुग्ण ओपीडीत आला की पहिला प्रश्न ठरलेला : ‘कसं वाटतंय?’ ‘बरं आहे’ म्हटलं की केसपेपरवर ‘रिपीट ऑल’ पडतं आणि पुढचा नंबर पुकारला जातो. ‘जिना चढताना दम लागतो, पाय सुजतात’ म्हटलं की लघवीची गोळी वाढते. दोन्ही वेळा बाकीच्या गोळ्या होत्या तेवढ्याच राहतात. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यात काही खटकतंय असं ना डॉक्टरांना वाटतं, ना रुग्णाला.

लक्षणं महत्त्वाची नाहीत, असं मुळीच नाही. तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, रात्री एका उशीऐवजी तीन लागू लागल्या, तर अंगात पाणी साठतंय हे नक्की, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायला हवं. फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ते पाणी काढतं, लगेच हलकं वाटतं. म्हणूनच रुग्णाचा सगळा विश्वास या गोळीवर बसतो. पण ही गोळी आयुष्य वाढवते, याचा भक्कम पुरावा नाही.

ज्यांचं पंपिंग ४० टक्के किंवा त्याहून खाली गेलं आहे, त्यांचं आयुष्य वाढवणारी औषधं वेगळी आहेत : बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन किंवा रॅमिप्रिलच्या गटातली गोळी, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. त्यांचा फायदा रुग्णाला जाणवेलच असं नाही. बीटा ब्लॉकरचा डोस वाढवल्यावर पहिले काही दिवस उलट थकवाच येतो. बायसोप्रोलॉल सव्वा मिलिग्रॅमपासून सुरू करून दहापर्यंत न्यायचं असतं. चाचण्यांमध्ये मृत्यू कमी झाले ते याच मोठ्या डोसकडे नेत नेत. आपले कित्येक रुग्ण मात्र सुरुवातीच्या डोसवरच वर्षं काढतात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या सुमारे १५० दवाखान्यांमधल्या साडेतीन हजार बाह्यरुग्णांची ‘चॅम्प-एचएफ’ नोंदवही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हाच्या तिन्ही मुख्य औषधांना पात्र असलेल्यांपैकी तिन्हींचा पूर्ण डोस मिळत होता अवघ्या एक टक्का रुग्णांना.

ठीक वाटणाऱ्या माणसाचे डोस वाढवून उगाच दुखणं का ओढवून घ्यायचं, असा प्रश्न येतो. त्याचं एक उत्तर लंडनच्या ‘ट्रेड-एचएफ’ चाचणीत आहे. हृदयाचे स्नायू दुबळे होऊन पुन्हा सावरलेल्या, लक्षणं अजिबात नसलेल्या २५ जणांची औषधं तिथे हळूहळू बंद केली. सहा महिन्यांत ११ जणांचा आजार उलटला. म्हणजे बरं वाटत होतं ते औषधांच्या जिवावर.

दुसरी बाजू तेवढीच खरी आहे. स्पायरोनोलॅक्टोनचा फायदा १९९९ मध्ये सिद्ध झाल्यावर कॅनडातल्या ओंटारिओत ते सढळ हाताने दिलं गेलं, आणि रक्तातलं पोटॅशियम वाढून भरती होणारे व दगावणारे रुग्णही वाढले. म्हणून डोस वाढवायचा तो रक्तदाब, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासूनच. रुग्णाने मनाने तर कधीच नाही. २०२२ च्या ‘स्ट्राँग-एचएफ’ चाचणीत नेमकं हेच केलं. घरी सोडल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण डोस, आणि वरचेवर तपासण्या. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत २३.३ टक्के होतं, ते इथे १५.२ वर आलं.

आपल्याकडे अडचण आहे ती या वरचेवर तपासण्यांची. तालुक्याहून एसटीने येणाऱ्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, रक्ततपासणीचे पैसे वेगळे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाचा खर्च उचलते. म्हणजे दम लागून अतिदक्षता विभागात पोचलेल्याला सरकार पैसे देणार, पण ती वेळ येऊ नये म्हणून करायच्या पोटॅशियमच्या तपासणीसाठी त्याने स्वतःच्या खिशात हात घालायचा. हा हिशेब उलटा आहे. हार्ट फेल्युअरमुळे भरती झालेल्या प्रत्येकाला घरी सोडल्यावरच्या पहिल्या दोन महिन्यांतल्या तपासण्या योजनेतूनच मिळाल्या पाहिजेत, आणि त्या ग्रामीण रुग्णालयात व्हायला हव्यात.

तोवर एक बिनखर्चाची गोष्ट करता येईल. केसपेपरवर प्रत्येक औषधापुढे तीन रकाने आखायचे : आजचा डोस, गाठायचा डोस, आज न वाढवण्याचं कारण. रक्तदाब फार कमी आहे, नाडी मंद आहे, पोटॅशियम वाढलंय, ही कारणं रास्त आहेत. ती लिहायला दहा सेकंद लागतात. आणि तिसरा रकाना कोरा राहिला, तर डोस का वाढवला नाही, हे पुढच्या वेळी केसपेपर हातात घेणाऱ्या कुणालाही, अगदी रुग्णाच्या मुलीलाही, विचारता येईल.